राजीनामा देण्याआधी

अनेक आशीर्वाद.

हवी ती बढती मिळाली आणि चार दिवसांत मन पुन्हा रिकामं झालं, असं लिहिलंस. त्याची लाज वाटते म्हणून कुणाशी बोलत नाहीस, हेही लिहिलंस. लाज कसली? ज्यांना ही पोकळी कधी जाणवतच नाही, त्यांची मला जास्त काळजी वाटते. महाभारतातल्या ययातीने मुलाचं तारुण्य मागून घेतलं, हजार वर्षं सुखं भोगली आणि मग कबूल केलं की, तुपाने आग विझत नाही तशी भोगाने वासना शमत नाही. तुला हे या वयात कळतंय. मला तरी ही कृपेचीच खूण वाटते.

पण म्हणून सगळं सोडून निघून जावं, हे मला पटत नाही. तुकोबांकडे बघ. १६३०च्या दुष्काळात व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढे त्यांनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, कर्जखतांतला धाकट्या भावाचा वाटा त्याच्या हवाली केला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आपलं वैराग्य त्यांनी दुसऱ्याच्या माथी मारलं नाही. आणि त्यानंतरही ते संसारातच राहिले.

तुझ्या पगारावर घर चालतं. नोकरी मन लावून कर, फक्त आपण कोण आहोत याचं उत्तर तिच्याकडे मागू नकोस. ते तिच्यापाशी नाहीच.

कृपा मिळवायची कशी, असं विचारलंस. या प्रश्नातही बढतीचीच सवय डोकावते! इतका जप झाला, आता फळ द्या, असा हिशेब देवाशी चालत नाही. ती येते तेव्हा आपण घरी असावं, एवढ्यासाठी साधना. पहाटे थोडा वेळ शांत बस. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. आवडेल ते नाम घे. मनात ऑफिसची कामं येतील, येऊ देत. कंटाळा आला म्हणून उठू नकोस. मला जे काही थोडं गवसलं, ते कंटाळ्याच्या पलीकडेच गवसलं. आणि जमेल तेव्हा कुणासाठी तरी असं काम कर, जे कुणालाच कळणार नाही.

राजीनाम्याचा मजकूर तयार आहे, असं लिहिलंस. सहा महिने तो पाठवू नकोस. मधल्या काळात काय जाणवलं ते लिही. काहीच जाणवलं नाही, तर तेही लिही.

तुझा हितचिंतक