परसातले गाजर-मुळे आंबवताना
परसातले गाजर-मुळे प्रथमच आंबवणार असाल, तर ते सोलू नका; आंबवण्याचे काम करणारे लॅक्टिक आम्लाचे जीवाणू सालीवरच असतात, त्यामुळे माती निघेपर्यंत धुणे पुरेसे आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ विरघळवावे आणि ते वजन करूनच घ्यावे, कारण खडे मिठाच्या बाबतीत चमच्याचा अंदाज हमखास चुकतो. माझी पहिली बरणी त्यापायीच बुळबुळीत झाली होती. फोडी पाण्याखाली बुडून राहाव्यात यासाठी वर लहान वाटी दाबून ठेवावी आणि झाकण सैल असावे, अन्यथा वायू कोंडतो. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशीच चाखून पाहावे. पांढरा पातळ थर आल्यास तो काढून टाकावा. मात्र केसाळ किंवा रंगीत बुरशी दिसली, तर बरणीतले सगळेच फेकून द्यावे.