‘तिसऱ्या पिढीचे’ प्रतिजैविक: येथे ‘पिढी’ म्हणजे काय?

सेफिक्झिम या औषधाचे वर्णन ‘तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन’ असे केले जाते (सेफॅलोस्पोरिन हे प्रतिजैविकांचे, म्हणजे जिवाणूंविरुद्धच्या औषधांचे, एक घराणे). येथे ‘पिढी’ हा शब्द योग्य आहे का, आणि तिसरी पिढी पहिलीपेक्षा जालीम असे समजावे का, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे.

शब्द योग्य आहे, पण त्यावरून औषधाची ताकद मोजू नये. पिढी म्हटले की मराठी माणसाला वंश आणि कालक्रम दोन्ही जाणवतात, आणि येथे वंश तर नक्कीच आहे. १९४५ साली सार्डिनिया बेटावरील काल्यारी येथे इटालियन संशोधक जुझेप्पे ब्रोत्झू यांना सांडपाणी समुद्राला मिळते त्या जागी एक बुरशी सापडली. तिच्यापासून ऑक्सफर्डमध्ये वेगळे केलेले सेफॅलोस्पोरिन-सी हे द्रव्य या घराण्याचे मूळ होय. कालक्रमही ढोबळमानाने जुळतो, मात्र औषध कोणत्या पिढीत बसवायचे हे मुख्यतः ते कोणत्या जिवाणूंवर चालते यावरून ठरते. पहिल्या पिढीतील सेफॅलेक्सिन आणि सेफाझोलिन यांचा भर स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर असतो (ग्रॅम नावाच्या रंगचाचणीवरून जिवाणूंचे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह असे दोन मोठे गट पडतात). दुसऱ्या आणि विशेषतः तिसऱ्या पिढीत ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवरील पकड वाढते, पण खुद्द सेफिक्झिम स्टॅफिलोकॉकसवर फारसे चालत नाही. चौथ्या पिढीतील सेफेपाइम दोन्ही बाजू बऱ्यापैकी सांभाळते. पाचव्या पिढीतील सेफ्टॅरोलिन तर मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसलाही आवरते. तरीही तिसऱ्या पिढीतील सेफ्टाझिडिम ज्या स्युडोमोनास जिवाणूवर चालते, त्याच्यापुढे सेफ्टॅरोलिन निष्प्रभ ठरते.

घोटाळा होतो तो मोबाइलच्या ‘पाचव्या पिढी’मुळे, असे मला वाटते, कारण तेथे नवे आले की जुने मोडीत निघते. येथे तसे होत नाही: अनेक शस्त्रक्रियांपूर्वी जंतुसंसर्ग टाळण्यासाठी आजही पहिल्या पिढीतील सेफाझोलिनच देतात. एकाच घरात आजी आणि नात आपापली कामे सांभाळतात, त्या अर्थाने ही पिढी घ्यावी. म्हणूनच ‘श्रेणी’ किंवा ‘दर्जा’ हे पर्याय मला मुळीच पसंत नाहीत. त्यांत उच्चनीचता येते आणि रुग्ण डॉक्टरांकडे ‘वरच्या दर्जाचे’ औषध मागू लागतो.

राहिला प्रत्ययाचा प्रश्न. ‘पिढीचे’ चूक नाही, पण ‘तिसऱ्या पिढीतील’ असे लिहिल्यास हे औषध एका गटातले एक आहे हे स्पष्ट होते, म्हणून मी तेच लिहितो.