किल्लेदाराने दरवाजा उघडला, आणि सोबती दुरावले

प्रश्न : आम्ही नांदेड, परभणी व लातूरचे काही मित्र डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर एकत्र येऊन काल्पनिक राज्यांचा रोलप्ले खेळतो, म्हणजे प्रत्येकजण एक पात्र घेऊन त्याच्या वतीने लिहितो. माझे पात्र एका डोंगरी किल्ल्याचा किल्लेदार आहे. वेढा लांबून धान्य संपत आले, तेव्हा गडावरची माणसे जगावीत म्हणून त्याने गुप्तपणे शत्रूला दरवाजा उघडून दिला. त्यात दोन मित्रांची पात्रे मारली गेली आणि ते खेळ सोडून गेले. ‘माझ्या पात्राचा स्वभावच तसा आहे’ हे माझे म्हणणे कोणालाही पटत नाही. अशी पात्रे खेळूच नयेत काय?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : अवश्य खेळावीत. आपल्या किल्लेदाराचा पेच अस्सल आहे, आणि मराठवाड्याला तो परकाही नाही. अलाउद्दीन खिलजीने १२९६ मध्ये देवगिरीला वेढा घातला, तेव्हा गडावर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकीकत सांगितली जाते. रामदेवरायाने अखेर मोठी खंडणी देऊन तह केला. ते शहाणपण होते की दुबळेपणा, यावर आजही दोन्ही बाजूंनी मनापासून बोलता येते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे घेऊन खेळायचा खेळ १९७४ मध्ये आला, तेव्हा पात्रांच्या वृत्तीचे नियमनिष्ठ, तटस्थ आणि स्वैर असे तीनच प्रकार होते; पुढे सज्जन-दुर्जन ही कसोटी जोडली गेली आणि १९७८ च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात त्यांचे नऊ झाले. थोडा सज्जन, थोडा दुर्जन असा कप्पा निवडला की पात्र गुंतागुंतीचे झाले, असे अनेकांना वाटते. मला मात्र रिचर्ड गॅरियट यांनी ‘अल्टिमा ४’ या १९८५ च्या संगणकीय खेळात योजलेली रीत अधिक खोल वाटते. तेथे खेळाडूला आरंभी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण समोरासमोर उभे केलेले असतात, आणि एक निवडताना दुसरा सोडावाच लागतो. आपल्या किल्लेदाराने दया निवडून निष्ठा सोडली. पण त्या सोडण्याची किंमत त्याने कोठे मोजलेली दिसत नाही. ती सोबत्यांच्या पात्रांनी मोजली, आणि तीही त्यांना न विचारता.

‘पात्राचा स्वभाव’ हे कारण म्हणूनच पुरत नाही, कारण तो स्वभाव आपणच लिहिला आहे. पात्रांनी एकमेकांपासून गुपिते ठेवावीत. मात्र दुसऱ्याचे पात्र संपू शकेल असा डाव खेळाडूंनी कथेबाहेरच्या चॅनेलवर आधी बोलून घ्यावा. केवळ मजकुरातून चालणाऱ्या खेळात हे अधिकच आवश्यक आहे, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नसल्यामुळे दगा किल्लेदाराने दिला की मित्राने, हे कळायला मार्ग नसतो. शिवाय कथेतही खुणा पेरता आल्या असत्या : कोठारातला हिशेब विचारताच किल्लेदार विषय बदलतो, पहारेकरी अकारण बदलले जातात. अशा खुणांमुळे इतरांना संशय घेण्याची, त्याला अडवण्याची किंवा त्याच्या बाजूने उभे राहण्याची संधी मिळते, आणि प्रसंग सर्वांचा होतो.

आता त्या दोघांना स्वतः फोन करावा. ते परतण्यास तयार असतील, तर मारल्या गेलेल्यांचे भाऊ किंवा मुलगी म्हणून त्यांनी नवी पात्रे घ्यावीत आणि किल्लेदाराकडे जाब मागावा. त्या प्रसंगात त्याला युक्तिवादाने जिंकवू नका. निवाडा काय व्हावा, हे त्या दोघांना ठरवू द्या.