दर शुक्रवारचे ४० पौंड

इंग्लंडमध्ये लेस्टरला एमएससी करणाऱ्या एका वाचक मुलीचा प्रश्न. एका चॅरिटीत उन्हाळाभर ‘व्हॉलंटियर इंटर्न’ होती. आठवड्याला तीन दिवस, नऊ ते पाच, देणगीदारांच्या याद्या सांभाळायच्या. पगार शून्य, ‘प्रवासाचे’ म्हणून दर शुक्रवारी ४० पौंड खात्यात. सोडून दहा आठवडे झाले. आता किमान वेतन मागता येईल का? असे प्रश्न बरेच येतात, आणि बहुतेक असेच उशिरा.

पत्रावर इंटर्न लिहिलंय की व्हॉलंटियर, त्याने फारसं काही ठरत नाही. ठरतं ते ब्रिटनच्या १९९८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम ४४ वर. चॅरिटीला बिनपगारी माणूस ठेवता येतो, पण त्याला फक्त झालेला किंवा वाजवी अंदाजाने होणारा खर्चच देता येतो. तुम्ही तर चालत जायचात! पावती कुणी मागितली नाही, रजेच्या आठवड्यातही पैसे जमा झाले. हा खर्च नव्हे, मोबदला. काम अभ्यासक्रमाचा भाग नव्हतं, म्हणजे विद्यार्थ्यांना किमान वेतन न देण्याची सूटही चॅरिटीला मिळणार नाही.

तरी करार होता हे दाखवावं लागेल. २०१२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ब्युरो या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेतल्या एका स्वयंसेविकेला भेदभावविरोधी कायद्याचं संरक्षण नाकारलं; करार नव्हता, ती न आली तरी कुणी हरकत घेत नसे. तुमची मात्र एक दांडी झाली की मॅनेजरची मेल यायची. ती मेल आणि बँकेचं स्टेटमेंट आजच उतरवून ठेवा. तासांची नोंद का ठेवली नाहीत, ते विचारत नाही.

नोकरीविषयक दावे ऐकणाऱ्या ट्रिब्युनलची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी अशी धरून चाला. त्याआधी अ‍ॅकास या समेट घडवणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे समेटाचा अर्ज द्यावाच लागतो. तो ऑनलाइन आणि फुकट आहे. मुदत हुकली तर दिवाणी कोर्टात सहा वर्षं मिळू शकतात, पण तिथला खर्च आणि तिथली रखडपट्टी तुम्हाला पेलेल असं वाटत नाही.

एक अडचण तुम्ही विचारलीच नाहीत. जेवणाची सुट्टी वजा जाता आठवड्याचे २१ तास होतात आणि विद्यार्थी व्हिसाची सत्रातली मर्यादा २० ची. बिनपगारी काम त्यात मोजलं जाऊ शकतं, आणि मास्टर्सच्या प्रबंधाचा उन्हाळा सहसा सुट्टीत धरत नाहीत. याचा परिणाम काय होईल, ते कागद न बघता सांगणार नाही. म्हणून आधी, याच आठवड्यात, इमिग्रेशन सॉलिसिटर गाठा. चॅरिटीला तोवर एक ओळही लिहू नका.