हॅलोजन काढून डिमेबल एलईडी लावले, तरी दिवे लुकलुकतात. नेमकं काय बदलायला हवं?

तुमच्या प्रश्नावरून चित्र असं दिसतं: पुण्यातला पंधरा-वीस वर्षं जुना फ्लॅट, हॉलच्या पीओपी छतात 50 वॉटचे आठ हॅलोजन स्पॉट, बोर्डावर उजेड कमी-जास्त करायचा, गोल फिरवायचा डिमर. हॅलोजन काढून त्याच होल्डरमध्ये 6 वॉटचे दोन-पिनी एलईडी बसवले, खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेलं पाहूनच घेतले. आता पूर्ण उजेडातही एक-दोन दिवे कधी लागतात, कधी नाही. डिमर अर्ध्यावर आणला की सगळे लुकलुकतात आणि छतातून भुणभुण ऐकू येते. बल्ब बदलून मागावेत का, असं तुम्ही विचारलंय.

बल्ब बहुधा ठणठणीत आहेत. मी घरगुती लाइटिंगचीच कामं करतो. अशी तक्रार आली की मी शिडी लावून आधी छताच्या वर बघतो, बल्बकडे नंतर. हॅलोजनच्या जमान्यात बसवलेल्या दोन गोष्टी अजून तुमच्या घरात आहेत, एक छतात आणि एक बोर्डात. दोघींनाही 50 वॉटच्या दिव्यांची सवय आहे.

आधी छतातली. तुमचे दिवे दोन बारीक सरळ पिनांचे आहेत, म्हणजे 12 व्होल्टचे. पिनांतलं अंतर 5.3 मिलिमीटर असतं, म्हणून खोक्यावर जीयू 5.3 लिहिलेलं सापडेल. घरातला पुरवठा 230 व्होल्टचा, तेव्हा छतात ट्रान्सफॉर्मर असणारच, बहुधा प्रत्येक दिव्यामागे एक. आपले वायरमन त्यालाही सरसकट चोकच म्हणतात. स्पॉटच्या दोन्ही स्प्रिंग क्लिपा दाबून तो खाली ओढा (मेन बंद करूनच), वायरला लटकलेली छोटी पांढरी डबी दिसेल. तिच्यावरचं लेबल वाचा. बहुतेक वेळा '20–60 वॉट' असं काहीतरी असतं. यातला 60 सगळे पाहतात, पण तुमच्या त्रासाचं कारण 20 मध्ये आहे. ही डबी इलेक्ट्रॉनिक असते. आत 50 हर्ट्झच्या विजेचं हजारो हर्ट्झमध्ये रूपांतर होतं, आणि ते चक्र चालू राहण्यासाठी पुढे किमान 20 वॉटचं ओझं लागतं. तुम्ही दिलंय 6 वॉट. मग ती सुरू होते, विझते, पुन्हा सुरू होते. तेच तुम्हाला लुकलुकणं म्हणून दिसतं.

डबीऐवजी जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर निघाला, तर गोष्ट वेगळी. त्याला किमान ओझ्याची अट नसते आणि एलईडी त्यावर बहुधा गुमान चालतात. पण तुमच्या वर्णनावरून तो नाही.

आता बोर्डातला डिमर. जुन्या गोल डिमरवर '60 ते 400 वॉट' अशी मर्यादा असते. आठ हॅलोजनचे 400 वॉट त्यात बरोबर बसत होते. आठ एलईडी मिळून होतात 48. त्या डिमरमधल्या ट्रायॅकला, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खटक्याला, चालू राहायला ठरावीक किमान प्रवाह लागतो, तो 48 वॉटमध्ये धड मिळत नाही, आणि उजेड कमी करत नेला की मुळीच मिळत नाही. शिवाय हे डिमर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा भाग कापतात. म्हणजे सेकंदाला 100 वेळा व्होल्टेज एकदम उसळी मारून चढतं. हॅलोजनची तार तापलेलीच राहायची, तिला याचं काही वाटत नव्हतं. एलईडीच्या आतल्या सर्किटला आणि त्या डबीला मात्र दर वेळी प्रवाहाचा झटका बसतो, आणि भुणभुण त्याचीच.

दोघांत दोषी कोण, हे पैसे न घालवता कळतं. एका जागी जुना हॅलोजन परत लावा आणि डिमर फिरवून बघा. बाकीचे सातही शांत झाले तर उपाशी होता तो डिमर. ते सात अजूनही फडफडत असतील तर त्यांच्या मागच्या डब्या उपाशी आहेत, कारण प्रत्येक डबीला फक्त स्वतःच्या दिव्याचं ओझं दिसतं. काही वायरमन हा एक हॅलोजन कायमचा ठेवून काम संपवतात. मला ते पटत नाही. निदानासाठी युक्ती उत्तम, पण ज्या उष्णतेपासून सुटायचं होतं तीच छतात एका जागी शिल्लक राहते.

उष्णतेबद्दल इथेच सांगतो, कारण ती गेल्यावरही तिचा परिणाम मागे राहतो. या हॅलोजनची काच अशी असते की उजेड पुढे येतो आणि उष्णतेचा मोठा भाग मागे छतात जातो. त्यातून 12 व्होल्टवर 50 वॉट म्हणजे होल्डरमधून चार अँपिअरच्या वर प्रवाह. इतकी वर्षं हे सोसलेल्या होल्डरचे संपर्क काळे पडतात, त्याच्या शेपटीच्या वायरी कडक होऊन तडकतात. नवा बल्ब त्यात सैल बसतो, आणि तेही लुकलुकण्याचं कारण होतं. म्हणून एलईडी लावताना होल्डर नवाच लावा. फार महाग वस्तू नाही.

माझा सल्ला स्पष्ट आहे: 12 व्होल्टचा नाद सोडा. डब्या काढून टाका आणि 230 व्होल्टवर थेट चालणारे जीयू 10 दिवे घ्या. त्यांच्या पिना आखूड आणि टोकाला जाड असतात, फिरवून बसवायच्या. मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे जुळवून घेण्याची भानगड डिमर आणि दिवा या दोघांपुरतीच उरते. बल्बचा आकार जवळपास तोच, व्यास 50 मिलिमीटर, त्यामुळे पीओपीतली भोकं बदलावी लागत नाहीत.

पण इथे वायरमनला एक गोष्ट बजावून सांगा. 12 व्होल्टच्या स्पॉटच्या धातूच्या रिंगांना बहुतेक घरांत अर्थिंग दिलेलं नसतं, कारण तेव्हा गरज नव्हती. त्याच रिंगेत 230 व्होल्ट आले की अर्थिंग हवंच. सिरॅमिक होल्डर, वर बंद जंक्शन बॉक्स आणि अर्थची वायर, यात तडजोड नको. डबीपासून दिव्यापर्यंतची जुनी वायरही पुन्हा वापरू देऊ नका. छतात अर्थची वायर पोचलेलीच नसेल, तर सुटे दिवे सोडून डबल इन्सुलेशनचं चिन्ह असलेला, म्हणजे चौकोनात चौकोन छापलेला, ड्रायव्हरसकट (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटसकट) येणारा डिमेबल डाउनलाइट घ्या. त्यात बल्ब वेगळा बदलता येत नाही एवढाच तोटा.

डिमर मात्र बदलावाच लागेल. लाटेचा शेवटचा भाग कापणारा, म्हणजे 'ट्रेलिंग एज' डिमर मागा. त्यात व्होल्टेज दर वेळी शून्यापासून सावकाश चढतं, एलईडीला झटका बसत नाही आणि आवाज जवळपास नाहीसा होतो. किमान ओझं पाच-दहा वॉट लिहिलेलं बघा. वरची मर्यादा वाचताना एलईडीसाठी वेगळा आकडा दिलाय का तेही बघा, कारण हॅलोजनसाठी 400 वॉट लिहिलेला डिमर एलईडीसाठी बराच कमी धरावा लागतो. काही चांगल्या डिमरना न्यूट्रल लागतो. आपल्याकडे एकाच बोर्डात बटणं आणि प्लग असतात, म्हणून न्यूट्रल तिथे हजर असतो. ही आपल्या घरांची मोठी सोय आहे.

पंख्याचा रेग्युलेटर डिमर म्हणून वापरायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. हल्लीच्या पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात, ते पंख्याच्या मोटरसाठी आहेत. आणि घरात स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लाटेची वीज देणारा, इन्व्हर्टर असेल तर हा हॉलचा सर्किट त्याच्यावरून काढून घ्या, त्या लाटेवर डिमरचा भरवसा नाही.

230 वर गेल्यावर एक नवीन गोष्ट दिसू शकते: बटण बंद असूनही दिव्यात मंद उजेड. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्याच्यातून जाणारा इवलासा प्रवाहही एलईडीला पुरतो. इंडिकेटर नसलेलं बटण लावलं की प्रश्न मिटतो. तरीही उजेड राहिला तर टेस्टरने बघून घ्या की बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रलवर निघालं तर ते लगेच दुरुस्त करा, कारण तसं असेल तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसू शकतो.

आता उजेडाचं. मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो, आणि दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. हॅलोजनचा रंग साधारण 2800 ते 3000 केल्विन. आपल्याकडे काउंटरवर न विचारता हातात पडतो तो 6500 केल्विनचा निळसर पांढरा. तो डिमरवर खाली आणला की हॉल उदास, राखाडी दिसतो. 2700 किंवा 3000 च घ्या. रंग ओळखण्याचा निर्देशांक, सीआरआय, हॅलोजनचा जवळजवळ 100 असतो. साध्या एलईडीचा 80 च्या आसपास. 90 च्या पुढचा घेतलात तर भिंतीवरचं चित्र, लाकूड, माणसांचे चेहरे जसे आहेत तसे दिसतील. वॉटकडे बघू नका, लुमेन, म्हणजे प्रत्यक्ष उजेडाचं माप, बघा: 50 वॉटच्या हॅलोजनच्या जागी 350 ते 450 पुरे. उजेडाचा कोन हॅलोजनला बहुधा 36 अंश होता. 60 अंशांचा एलईडी घेतला तर खोली सपाट उजळते आणि स्पॉटची मजा जाते.

हॅलोजन मंद केला की तो पिवळा-केशरी होत जायचा. साधा डिमेबल एलईडी रंग तोच ठेवून फक्त कमी होतो. तुम्हाला तो जुना संध्याकाळचा रंग हवा असेल तर 'वॉर्म डिम' किंवा 'डिम टू वॉर्म' लिहिलेले मागा. महाग आहेत, पण हॉलसाठी मी तेच सुचवतो. आणि खोक्यावर 'किमान 10 टक्के' लिहिलं असेल तर तो उजेड डोळ्यांना साधारण एकतृतीयांश वाटतो. रात्री सिनेमा बघताना तो जास्त होईल, 5 टक्के किंवा त्याखाली जाणारा शोधा. चांगल्या डिमरच्या प्लेटमागे 'मिनिमम'चा छोटा स्क्रू असतो, लुकलुकणं थांबेल तिथे तो लावून द्यायचा.

खर्चाचा हिशोब सोपा. आठ हॅलोजन रोज चार तास म्हणजे महिन्याला 48 युनिट. आठ एलईडी पूर्ण उजेडात सहाच्या आत. उरलेल्या 42 ला तुमच्या बिलातल्या दराने गुणा, शिवाय उन्हाळ्यात एसीला छतातली भट्टी थंड करावी लागत नाही.

तापकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रिकल बाजारात, गेलात की बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक छापलेलेच दिवे घ्या आणि आधी डिमर व दोनच दिवे आणा. ओळखीच्या दुकानदाराला परत घेण्याबद्दल आधी विचारून ठेवा. दोन दिवे छतात लावा, बाकीच्या सहा जागा रिकाम्या ठेवा, आणि अंधारात डिमर खालपर्यंत फिरवा. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरून पडद्यावर काळे पट्टे सरकतात का बघा. दोन दिव्यांच्या एवढ्याशा ओझ्यावर जो डिमर शांत चालतो, तो आठांवर त्रास देण्याची शक्यता फार कमी. मग त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे उरलेले सहा आणि एक-दोन जादा घेऊन ठेवा, कारण वर्षभराने तेच मॉडेल मिळेल याची खात्री नसते आणि एकाच डिमरवर वेगवेगळे एलईडी एकसारखे मंद होत नाहीत.