अर्धं पान जमा

"मॅडम, मी आरंभशूर आहे. घरात सगळे हेच म्हणतात आणि आता मलाही ते पटलंय."

या ताई साताऱ्याजवळच्या एका गावातून एसटीने आल्या होत्या. वय 41, एका पतसंस्थेत क्लार्क. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) "ठरवते, पण टिकत नाही" ही तक्रार समुपदेशक म्हणून मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. कॉलेजची मुलं सांगतात, निवृत्त झालेले काका सांगतात, नुकतंच बाळ झालेली आई सांगते. आणि बहुतेक सगळेजण एका सुरात पुढचं वाक्य जोडतात, "माझ्यात इच्छाशक्तीच नाही."

नेमकं काय मोडलं ते विचारल्यावर ताईंनी पर्समधून डायरी काढली. पतसंस्था वाटतात तसली, रेक्झिनच्या कव्हरची. 30 मार्च 2025, गुढीपाडवा. त्या पानावर सुंदर अक्षरात सात संकल्प होते. पहाटे पाचला उठायचंच. रोज एक तास अभ्यास झालाच पाहिजे. साखर बंद म्हणजे बंदच. दहा किलो वजन उतरवायचंच. असे सात. 31 मार्चचं पान कोरं. 1 आणि 2 एप्रिलही कोरे. 3 एप्रिलला एकच ओळ: "माझ्याच्याने होणार नाही."

"31 तारखेला काय झालं?"

"मार्चअखेर हो. हिशेब टॅली होईपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले."

म्हणजे वर्षातला सगळ्यात धावपळीचा दिवस संकल्पाच्या दुसऱ्याच दिवशी आला होता, आणि त्याची सगळी शिक्षा ताईंनी स्वतःच्या स्वभावाला दिली होती. हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. पाडवा, एक जानेवारी, वाढदिवस अशा दिवशी उभारी येते हे खरंच आहे आणि त्या उभारीचा फायदा घ्यावा. पण उभारीच्या दिवशी आपण थकलेल्या दिवसाचा विचार करत नाही. सगळी आखणी जणू वर्षभर पाडवाच असणार आहे अशी होते.

मग इतक्या वर्षांनी आताच समुपदेशकाकडे का यावंसं वाटलं? त्यांनी खूप वेळ उत्तर दिलं नाही. मग सांगितलं. नववीतल्या मुलीने संगीताचा क्लास सोडला, त्यावर ताई रागावल्या. मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, तू पण ठरवतेस आणि सोडतेसच की."

पुढे जाण्याआधी मी झोप, भूक, मन कशात रमतं का, याची नीट चौकशी केली. ही मी नेहमीच करते, कारण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर प्रश्न संकल्पाचा नसतो, नैराश्याचा असू शकतो. अशा माणसाला "नेटाने कर" म्हणणं क्रूरपणाचं आहे. त्याने डॉक्टरांना भेटावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावरही बोलता येतं. ताईंच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

मी त्यांना पेन दिलं आणि सात संकल्पांमधल्या प्रत्येक 'च'भोवती गोल करायला सांगितलं. उठायचंच, झालाच, बंदच, उतरवायचंच. पान गोलांनी भरून गेलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि मराठीत कि. मो. फडके यांनी जी पोहोचवली, तिचा मला रोज उपयोग होतो तो इथे. माझी इच्छा आहे की अभ्यास व्हावा, हे एक. अभ्यास झालाच पाहिजे, हे वेगळं. इच्छा अपुरी राहिली तर वाईट वाटतं, आणि वाईट वाटलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू शकतो. 'च' मोडला की मात्र निकाल लागतो, आणि तो कामाचा लागत नाही, आपला लागतो. मी आरंभशूर. मी अशीच. हा निकाल एकदा लागला की पुढे काही करण्याचं कारणच उरत नाही. आपल्या भाषेत हे एकच अक्षर आहे, म्हणून ते पटकन दिसत नाही. बोलताना ऐकून बघा, दिवसातून किती वेळा येतं ते.

मग मी विचारलं, "यातलं एखादं पूर्ण झालं आणि ते कुणालाच कधीच कळलं नाही, तरी तुम्हाला कुठलं हवं आहे?"

वजन जावेच्या एका बोलण्यामुळे यादीत आलं होतं. पाचला उठणं मोबाइलवरच्या एका व्हिडिओमुळे. साखर, नवऱ्याने सोडली म्हणून. ताई एकेक ओळ खोडत गेल्या आणि अभ्यासावर बोट ठेवून थांबल्या. बारावीनंतर लग्न झालं. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'आईचे शिक्षण' असा रकाना असतो, तो भरताना दरवर्षी हात अडतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली सुरू झालं ते नोकरी, संसार, शेती सांभाळणाऱ्या अशाच माणसांना घरी राहून शिकता यावं म्हणून. तिथे बीएच्या पहिल्या वर्षाला त्यांनी नाव घातलं होतं. पुस्तकं कपाटात साड्यांच्या खाली होती.

ठरलेली वेळ होती रात्री साडेदहा, ओटा पुसून झाल्यावर. या वेळेत कुणाचा अभ्यास होईल? दिवसभराचा हिशेब मांडल्यावर एक जागा सापडली. त्यांची एसटी पावणेदहाच्या आधी पोहोचते, पतसंस्थेचा व्यवहार दहाला सुरू होतो. मधली वीस मिनिटं चहात आणि मोबाइलमध्ये जातात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 साली मांडलेली एक साधी गोष्ट इथे कामाला येते. नुसतं 'करीन' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधीच बांधून ठेवलं, तर काम घडण्याची शक्यता वाढते. ताईंचं वाक्य त्यांनीच तयार केलं: "टेबलावर पर्स ठेवली की ड्रॉवर उघडायचा, पुस्तक काढायचं आणि एक पान वाचायचं." पुस्तक साड्यांखालून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आलं. मला विचाराल तर अर्धं काम तिथेच झालं.

यानंतर माझी एक चूक झाली. मी त्यांना महिन्याचा तक्ता दिला, रोज बरोबरची खूण करायला. दोन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या. मी कौतुक केलं. त्यांचे डोळे भरून आले. "मॅडम, तीन खुणा खोट्या आहेत. मधे रिकामं दिसलं असतं ना." मी कागदावर नवा 'च' छापून त्यांच्या हातात दिला होता. अखंड खुणांची साखळी काहींना चालते. जो आधीच स्वतःला दोषी धरून बसलाय, त्याला ती देऊ नये, हे मी त्या दिवसापासून पाळते.

तेव्हा मला त्यांचंच काम आठवलं: पिग्मी, म्हणजे एजंट रोज दुकानोदुकानी फिरून थोडे थोडे पैसे जमा करतो ती बचत. "ताई, तुमच्याकडे पिग्मी आहे ना? एखाद्या दुकानदाराचं शटर एक दिवस बंद असलं, तर एजंट काय करतो?"

"काय करणार? दुसऱ्या दिवशी जातो."

"खातं बंद नाही करत?"

"एका दिवसासाठी?" त्या हसल्याच. "असं केलं तर पतसंस्था चालायची नाही."

"आणि चुकलेल्या दिवसाचे पैसे मागतो?"

"मागत नाही. त्या दिवशी जमेल ते घेतो. कुणी पन्नास देतं, कुणी वीस. मागचं मागत बसलं तर माणूस एजंटला बघून आत जातो." एवढं बोलून त्या गप्प झाल्या.

मला जे सांगायला तीन बैठका लागल्या असत्या, ते त्या रोज करत होत्या. 21 दिवसांत सवय लागते असे मेसेज सगळ्यांच्याच मोबाइलवर फिरतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी पिणं, फळ खाणं अशा साध्या सवयी अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागत होते, आणि माणसामाणसांत हा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरला होता. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी मला जास्त मोलाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या वाटचालीत फारसा फरक पडला नाही.

पुढच्या भेटीला ताई स्वतः तयार केलेलं कार्ड घेऊन आल्या. पिग्मीच्या कार्डासारखंच. तारीख, जमा, एकूण. 'जमा'खाली पैशांऐवजी पानं. वाचलं तर आकडा, नाही वाचलं तर ओळच नाही. 'एकूण'चा रकाना बघून मला फार आनंद झाला, कारण तो कधी कमी होत नाही. साखळी तुटली की शून्यावर येते, पिग्मी येत नाही.

जून, जुलै बरे गेले. काही दिवस तीन पानं, काही दिवस एक. नवऱ्याने सुरुवातीला "आता किती दिवस?" असं विचारलं, ताईंनी उत्तर दिलं नाही, याचं मला बरं वाटलं. मग ऑगस्टमध्ये सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, लगेच 27 तारखेला गणपती, गौरी, पाहुणे. 10 सप्टेंबरला फोन आला. आवाज पहिल्या दिवसासारखा. "मॅडम, मोडलं. अठरा दिवस झाले पुस्तक उघडून."

"एकूण किती आहे?"

"काय?"

"कार्डावर. एकूण."

ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. "एकशे एकतीस."

"काल किती होतं?"

"एकशे एकतीसच."

मी आणखी काही बोलले नाही. महिनाअखेरीला त्या आल्या तेव्हा कार्ड बघायला मागितलं. 22 ऑगस्टच्या ओळीनंतर त्यांनी रेघ मारून बारीक अक्षरात 'सासूबाई, गणपती' असं लिहिलं होतं. त्याखालची ओळ 11 सप्टेंबरची होती. जमा: अर्धं पान. एकूण: 131॥.