'सॉकर' की 'फुटबॉल'? फॉल रिव्हरच्या निमित्ताने

मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरजवळ राहणाऱ्या एका ताईंना गावातल्या जुन्या खेळावर मराठी मंडळाच्या अंकात लेख लिहायचा आहे. त्या विचारतात, 'सॉकर' लिहू की 'फुटबॉल'? 'सॉकर' हा अमेरिकनांनी काढलेला शब्द, तो मराठीत कशाला, असं त्यांना कुणीतरी सुनावलं.

शब्द अमेरिकनांचा नाही, तो इंग्लंडचाच. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या नियमांनी चालणारा खेळ रग्बीपासून वेगळा ओळखता यावा म्हणून त्याला 'असोसिएशन फुटबॉल' म्हणू लागले. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना शब्द तोडून त्याला 'अर' जोडायची सवय होती. रग्बीचं त्यांनी 'रगर' केलं आणि असोसिएशनच्या (association) पोटातला 'soc' हा तुकडा उचलून 'सॉकर'. आपण सदाशिवचा सद्या करतो, चंद्रशेखरचा नुसता शेखर करतो, तसंच हे. पुढे १९७० च्या दशकापर्यंत इंग्लंडमधले लोक हा शब्द बिनदिक्कत लिहीत होते.

अमेरिकेतला प्रवास मात्र तुमच्या गावाच्या इतिहासातच फार छान दिसतो. फॉल रिव्हर म्हणजे कापडगिरण्यांचं गाव. इंग्लंडमधल्या लँकेशायरहून आलेल्या गिरणी कामगारांनी हा खेळ सोबत आणला. १८८४ मध्ये न्यूअर्कला अमेरिकन फुटबॉल असोसिएशन निघाली आणि तिचा करंडक १८८८ ते १८९२ अशी सलग ५ वर्षं फॉल रिव्हरच्याच संघांनी जिंकला. पहिल्या दोन्ही वेळा विजेता होता फॉल रिव्हर रोव्हर्स. (रोव्हर्स म्हणजे भटके. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा. इंग्रज जिथे गेले तिथे ही नावं गेली.)

तेव्हा संघटनेच्या नावात 'फुटबॉल'च होतं. १९१३ मध्ये झालेली राष्ट्रीय संघटनाही 'युनायटेड स्टेट्स फुटबॉल असोसिएशन'. १९४५ मध्ये त्या नावात 'सॉकर फुटबॉल' असे दोन्ही शब्द शेजारी बसले आणि १९७४ मध्ये 'फुटबॉल' गळाला. पण १९२१ मध्ये सुरू झालेली व्यावसायिक लीग पहिल्यापासून 'अमेरिकन सॉकर लीग'! तिच्यात खेळणाऱ्या तुमच्या गावच्या संघाचं अधिकृत नाव होतं फॉल रिव्हर फुटबॉल क्लब. लीग सॉकरची, क्लब फुटबॉलचा, आणि खेळ एकच.

या क्लबचं टोपणनाव तर शब्दवेड्या माणसाला मेजवानी आहे. मालक सॅम मार्क, म्हणून संघ 'मार्क्समेन'. मार्कची माणसं हा एक अर्थ, अचूक नेमबाज हा दुसरा. मराठीत हा श्लेष उतरत नाही, तेव्हा 'मार्क्समेन' तसंच ठेवा आणि एका ओळीत दोन्ही अर्थ सांगा. मॅसॅच्युसेट्समध्ये रविवारी व्यावसायिक सामन्यांना बंदी होती आणि गिरणी कामगाराला सुटी रविवारचीच. म्हणून मार्कने मैदान बांधलं ते राज्याची हद्द ओलांडल्यावर लगेच, ऱ्होड आयलंडच्या टिव्हरटनमध्ये. या संघाने १९२४, १९२७ आणि १९३० मध्ये नॅशनल चॅलेंज कप, म्हणजे अमेरिकेचा राष्ट्रीय करंडक, जिंकला.

पुढे अझोर्स बेटांवरून आलेल्या पोर्तुगीज कुटुंबांचा पोंटा डेलगाडा संघ गाजला. त्यातले जॉन सूझा आणि एड सूझा १९५० च्या विश्वचषकात इंग्लंडला १-० ने हरवणाऱ्या अमेरिकी संघात होते. दोघांचं एकमेकांशी नातं नव्हतं. गोव्याच्या वाचकांना हे आडनाव घरचंच वाटेल.

आता मूळ प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: लेखात 'फुटबॉल' लिहा. मराठीत हा शब्द खेळालाही चालतो आणि चेंडूलाही. 'पोराला फुटबॉल आणला' असं आपण म्हणतो, 'सॉकर आणला' असं कुणी म्हणत नाही. हेल्मेट घालून खेळतात त्या खेळाचा उल्लेख आलाच, तर तिथे 'अमेरिकन फुटबॉल' लिहा. 'सॉकर' राहू द्या फक्त संस्थांच्या आणि स्पर्धांच्या नावांत. ती बदलू नका.

आणि बर्ट पॅटनॉडला विसरू नका. फॉल रिव्हरचाच हा मुलगा. १७ जुलै १९३० ला पॅराग्वेविरुद्ध त्याने ३ गोल केले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक, पण फिफाने ती मान्य केली २००६ मध्ये. त्याला 'फुटबॉलपटू' म्हणा. 'सॉकरपटू' वाचताना जीभ अडखळते.